सहा छिद्रांचे चारच गोळे: मॉलिक्युलर मॉडेल किट, सात महिने वापरून

सोलापुरात केगावला विद्यापीठात केमिस्ट्रीत एम.एस्सी. करतेय. पहिल्या सेमिस्टरला सिमेट्री, म्हणजे रेणूंची सममिती, सुरू झाली आणि पाण्याच्या रेणूपर्यंत मी वर्गात मान डोलावत होते. मिथेनचा एस-फोर अक्ष आला आणि मान थांबली. ९० अंशांत फिरवा, मग आरशात बघा, रेणू होता तसाच दिसतो म्हणे. मला दिसेना. बटाट्यात काड्या खोचून पाहिल्या, पण १०९.५ अंशांचा कोन बटाट्यात येत नाही आणि आईने तो रस्सा भाजीत टाकला. मग ऑनलाइन हे किट मागवलं, ७४९ रुपयांना: अणू म्हणून छिद्रांचे रंगीत गोळे आणि ते जोडायला नळ्या.

डब्यावर लिहिलंय, ऑर्गॅनिक आणि इनऑर्गॅनिक दोन्हींसाठी, २४० नग. मी मोजले, २३६ भरले. कंपनीला मेल केला, "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" एवढं उत्तर आलं, नग आले नाहीत. ते चार पांढरे हायड्रोजन होते, त्यांच्याशिवाय माझं काही अडलं नाही. खरी तक्रार वेगळी आहे. काळे चार छिद्रांचे कार्बन ढिगाने, पांढऱ्यांनी तर पिशवी भरलेली, आणि सहा छिद्रांचे, म्हणजे ज्यांना आपण धातू म्हणणार ते, फक्त चार. पाच छिद्रांचे दोन. 'इनऑर्गॅनिक' हा शब्द त्या सहा गोळ्यांच्या जिवावर छापलाय.

तरी ते सहा गोळे कामाचे आहेत हे कबूल करते. पाच छिद्रांच्या गोळ्यावर पाचही हिरवे (फ्लोरीन) लावले की पीएफ-फाइव्ह (फॉस्फरसभोवती पाच फ्लोरीन), वरचा-खालचा वेगळा आणि मधले तिघे वेगळे, हे हाताला लगेच कळतं. मधल्या तिघांतला एक काढला की एसएफ-फोरची सी-सॉ, दोन काढले की सीएलएफ-थ्रीचा टी. सहावाल्यावर समोरासमोरची दोन छिद्रं रिकामी सोडली की झेनॉन टेट्राफ्लोराइड. लोन पेअर (बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनची जोडी) कुठे बसते आणि का, हे मी पाठ करत होते ते बंद झालं.

एस-फोरचं मात्र किट एकटं काही करू शकत नाही, आणि हे डब्यावर कोणी लिहीत नाही. अक्षाभोवती फिरवणं हाताने होतं, परावर्तन हाताने होत नाही. प्लास्टिक आरशातून पलीकडे जात नाही. त्यामुळे प्रत्येक रेणूच्या दोन प्रती कराव्या लागतात: एक जशीच्या तशी ठेवायची, दुसरी ९० अंश फिरवून आईच्या वेणीफणीच्या आरशासमोर धरायची, आणि आरशातलं चित्र पहिलीशी ताडायचं. मिथेन त्या रात्री सुटला. कार्बन ढिगाने असल्याचा एवढा एक फायदा.

धातूचं तसं नाही. दोन प्रती केल्या की निम्मा साठा संपला. तरी सगळ्यांनी एकदा ट्रिस-इथिलीनडायअमीन कोबाल्ट करून बघाच, म्हणजे मध्ये कोबाल्ट आणि त्याला दोन-दोन जागी धरणारे तीन अमीन. पूर्ण अमीन बांधत बसू नका. डबल बाँडसाठी दिलेल्या लांब वाकणाऱ्या नळ्या घ्या आणि एकेक नळी शेजारशेजारच्या दोन छिद्रांत अडकवा. तीन नळ्यांत काम झालं, पंखा तयार. दुसरा त्याच्या आरशातल्या प्रतिमेसारखा करा. मग एकावर एक बसवायला जा. मी अर्धा तास झटत होते.

बाबा पाळी संपवून आले होते. चादरीच्या कारखान्यात जॅकार्ड मागावर असतात. "काय करायलीस गं?" म्हणून दोन्ही हातात घेतले, फिरवून पाहिले आणि म्हणाले, "कशाला बसवायलीस? हे उजव्या पिळाचं आहे, ते डाव्या. सूत उलटं धरलं म्हणून पीळ बदलतोय होय?" अशा दोन आरसा-जोड्यांना पुस्तकात डेल्टा आणि लॅम्ब्डा म्हणतात, ते म्हणजे नेमकं हेच. तीनपदरी अक्षावरून पाहिलं की डेल्टाचा पीळ उजवा. वर्गात हे सांगितल्यापासून आमच्या बाकावर सगळे पीळच म्हणतात.

आता न जमणाऱ्या गोष्टी. डायबोरेन (बोरॉन-हायड्रोजनचा रेणू) होत नाही, कारण पांढऱ्या गोळ्याला एकच छिद्र आणि पुलावरच्या हायड्रोजनला दोन लागतात. मी लाल ऑक्सिजनला हायड्रोजन मानून केलं. आयएफ-सेव्हन (आयोडीनभोवती सात फ्लोरीन) नाहीच, सात छिद्रांचा गोळा नाही. फेरोसीन, म्हणजे दोन पंचकोनी कार्बनकड्यांमध्ये लोखंडाचा अणू, तर विचारूच नका. ते मी दोन बांगड्यांवर पाच-पाच टिकल्या चिकटवून आणि मध्ये मणी ठेवून केलं. टिकलीवर टिकली आली की डी-फाइव्ह-एच, वरची बांगडी ३६ अंश फिरवली की डी-फाइव्ह-डी (ही सममितीच्या गटांची नावं), आणि सेंटर ऑफ इन्व्हर्जन, म्हणजे ज्याच्या आरपार प्रत्येक टिकलीसमोर टिकली येते तो मध्यबिंदू, फक्त या दुसऱ्यात. खर्च शून्य. क्रिस्टल फील्डसाठी, म्हणजे धातूतले डी-ऑर्बिटल (इलेक्ट्रॉनच्या जागा) समजायला हे किट घेणार असाल तर घेऊ नका, त्यात त्यासाठी काहीही नाही.

टिकाऊपणा म्हणाल तर मार्चपर्यंत उत्तम. एप्रिलमध्ये आमच्या पत्र्याच्या खोलीत वाकणाऱ्या नळ्या सैल पडल्या, छिद्रातून आपोआप सुटतात. सोलापुरात राहत असाल तर डबा माठाशेजारी ठेवा, मी तेच करते. गोळे मात्र एकही फुटला नाही, आणि माझ्या धाकट्या भावाने त्यांनी क्रिकेट खेळून झालंय.

फोनवरची फुकट ॲप्स आहेत, मान्य. पण ॲपमध्ये रेणू फिरतो तेव्हा तो ॲप फिरवतं. बाबांना फोन दिला असता तर त्यांनी पीळ ओळखला असता असं मला वाटत नाही.

पाचपैकी साडेतीन. एकटीने घेण्यापेक्षा तिघी-चौघींनी मिळून दोन डबे घ्या, म्हणजे सहावाले आठ होतील. बी.एस्सी.ला असाल तर थर्मोकोलच्या गोळ्यांवर भागतं.

गेल्या रविवारी मी हेक्सॉल केलं, चार कोबाल्टचं एक संयुग. रसायनशास्त्रज्ञ व्हर्नरने १९१४ मध्ये ज्याचे डावे-उजवे वेगळे केले ते. ध्रुवीकृत प्रकाशाचं प्रतल वळवणं (डाव्या-उजव्या रेणूंची खूण) हे कार्बनचंच काम, असं तोवर लोक म्हणत होते, आणि यात कार्बनचा अणूसुद्धा नाही. त्याला १९१३ चं नोबेल आधीच मिळालं होतं, तरी शंका घेणारे होतेच. मधला एक कोबाल्ट, भोवती तीन, त्यांच्यामध्ये सहा ओएच आणि बाहेर बारा अमोनिया. म्हणजे बरोबर चार सहावाले, अख्खा साठा. निळे (नायट्रोजन) दहाच निघाले म्हणून दोन अमोनिया हिरवे आहेत, आणि पुलावरच्या ऑक्सिजनला तिसरं छिद्र नसल्याने त्यांचे हायड्रोजन गाळले. सैल नळ्या दोऱ्याने बांधल्या. बाबांनी ते टीव्हीवर ठेवलंय, पाहुण्यांना उजवा पीळ म्हणून दाखवतात. मोडायचं म्हटलं की "राहू दे की" म्हणतात, त्यामुळे पुढच्या परीक्षेचा अभ्यास सध्या धातूविना चाललाय.