ओपनरिफाइन सात महिने वापरल्यावर: रक्तदात्यांची यादी नक्की किती साफ करायची?

परवा रात्री ओ निगेटिव्ह हवं होतं म्हणून यादीतल्या एकाला फोन लावला, तर तो म्हणाला ताई माझा ग्रुप बी पॉझिटिव्ह, ओ निगेटिव्ह माझा भाऊ. दोघांचा नंबर एकच लिहिलेला, नावात एका अक्षराचा फरक, आणि ओपनरिफाइन या याद्या साफ करायच्या टूलमध्ये क्लस्टरिंगचं (मिळत्याजुळत्या नोंदींचे गट दाखवण्याचं) अंतर, म्हणजे किती फरक चालेल ते, सैल ठेवून ते दोघं एकच माणूस आहेत असं ठरवणारी मीच. चूक टूलची नाही, ते फक्त सुचवतं, मर्जवर, म्हणजे नोंदी एक करण्यावर, टिक आपण करतो. रक्त चढवायच्या आधी तपासणी होतेच म्हणून त्यात धोका नव्हता, पण अशा वेळी गेलेला अर्धा तास कुठून आणायचा?

टूल फुकट आहे, माझे तास फुकट नाहीत. नऊ हजार ओळी. पहिले दोन महिने रोज संध्याकाळी पत्त्यांची स्पेलिंगं सारखी करत बसले आणि आजपर्यंत त्या कॉलममध्ये कुणी डोकावलेलं नाही! तेव्हा वाटलं हा सगळाच उद्योग वाया गेला, सोडून द्यावा.

मग सहज ब्लडग्रुपच्या कॉलमवर टेक्स्ट फॅसेट लावलं, म्हणजे कॉलममधली प्रत्येक वेगळी नोंद आणि ती किती वेळा आली याची यादी. ओ निगेटिव्ह दोनदा दिसला. नीट बघितलं तर एका ठिकाणी ओ अक्षर आणि दुसऱ्या ठिकाणी चक्क शून्य आकडा. (काही देशांत या ग्रुपला शून्यच म्हणतात, त्यामुळे टाइप करणाऱ्यालाही काय दोष द्यायचा.) एकतीस दाते त्या शून्यामागे लपलेले, आम्ही ओ शोधायचो तेव्हा ते कधी यायचेच नाहीत. दुरुस्तीला लागलं एक मिनिट. हे एकच फीचर मला बाकी सगळ्या टूलपेक्षा मोलाचं वाटतं, फॅसेट मी आधी का नाही लावलं याची हळहळ अजून जात नाही.

आता पत्ता आहे तसा राहू दे. ग्रुप आणि फोन मात्र शंभर टक्के, त्यासाठी दोन रविवार फोन करून नंबर तपासले. फॉर्मवर ग्रुप टाइप करणं बंद, ड्रॉपडाउनमध्ये आठच पर्याय. आणि मर्ज करताना नाव जुळलं तरी ग्रुप वेगळा असेल तर हात लावायचा नाही, डुप्लिकेट राहिला तर एक फोन जास्त जातो एवढंच, चुकून मर्ज झाला तर एक दाताच यादीतून जातो.

टूलच्या हिस्टरीत, म्हणजे केलेल्या बदलांच्या नोंदीत, त्या दोन भावांचा मर्ज सापडला, मूळ फाइल शेजारी उघडून भावाची ओळ परत घातली. असे अजून चौसष्ट मर्ज आहेत, बावीस तपासून झालेत.