बिडाच्या नावाखाली पत्र्याच्या पन्हळी

गिरगावातील आमचे दुमजली कौलारू घर मुंबईच्या वारसा यादीत ग्रेड ३ मध्ये आहे. छपराच्या कडेला लाकडी झालर आणि तिच्यालगत गोलाईदार ओठाच्या बिडाच्या पन्हळी, हे त्याचे मूळचे रूप. काही पन्हळी तडकून पाणी झालरीत मुरू लागले, तेव्हा जुन्या वास्तूंची कामे करतो असे सांगणाऱ्या एका कंत्राटदाराला, हुबेहूब त्याच आकाराच्या बिडाच्या पन्हळी बसवून देण्याच्या बोलीवर, आम्ही काम दिले.

माणूस बोलण्यात तरबेज होता. त्याने नमुना म्हणून बिडाचा खराखुरा जड तुकडा आणला, घरातील वडीलधाऱ्यांच्या हातात दिला आणि त्याला लोहचुंबक चिकटवून दाखवले. ही शेवटची परीक्षा निव्वळ देखावा होती, कारण लोहचुंबक बिडाला चिकटते तसेच साध्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्यालाही चिकटते. त्यानंतर साचे करण्यासाठी सगळ्याच पन्हळी लागतील असे सांगून त्याने धडधाकट पन्हळीही टेम्पोत भरून नेल्या. त्या परत आल्या नाहीत. जुन्या घरांच्या बिडाच्या सामानाला भंगारापेक्षा कितीतरी चांगला भाव मिळतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

नव्या पन्हळींना जाड काळा रंग दिलेला होता आणि रस्त्यावरून पाहता फरक मुळीच कळत नव्हता. जूनमध्ये कचरा काढायला शिडीवर चढलेल्या गड्याने हात टेकताच पन्हळीचा काठ वाकला, तेव्हा खरा प्रकार उघड झाला. सहा फुटांच्या, ४ मिलिमीटर जाडीच्या अशा बिडाच्या तुकड्याचे वजन साधारण १३ किलो भरायला हवे. आमच्याकडे बसवलेला तेवढाच तुकडा दोन किलोच्या आसपास भरला. शिवाय जुने घडीव लोखंडी ब्रॅकेट काढून टाकून पत्रा थेट झालरीलाच स्क्रूने ठोकलेला होता आणि त्याला उतारही नव्हता (दहा फुटांना निदान अर्धा इंच तरी हवा), त्यामुळे साचलेले पाणी स्क्रूच्या भोकांतून आतल्या लाकडात झिरपत होते.

जाब विचारल्यावर त्याने कोटेशनमधील ‘सी.आय. फिनिश’ (सी.आय. म्हणजे कास्ट आयर्न, अर्थात बीड) या शब्दांवर बोट ठेवले. म्हणजे बिडासारखा दिसणारा रंग! तोंडी मात्र प्रत्येक वेळी तो ‘अस्सल बीड’ असेच म्हणत होता. आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे; अशी तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्राथमिक मार्गदर्शन मिळते.

असे काम काढणाऱ्यांनी कोटेशनमध्ये धातू, जाडी, प्रत्येक तुकड्याचे वजन, जुने ब्रॅकेट कायम ठेवण्याची अट आणि काढलेले सामान मालकाचेच राहील ही ओळ लिहून घ्यावी, माल उतरताच दोन-तीन तुकडे काट्यावर चढवावेत आणि वजन जुळल्याशिवाय मोठा हप्ता देऊ नये. साच्यासाठी सगळ्या पन्हळी लागतात, हे तर सपशेल खोटे आहे. एका आकाराचा एक चांगला तुकडा फाउंड्रीला पुरतो. मात्र बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, म्हणून जुन्या तुकड्यावरूनच थेट साचा न उठवता किंचित मोठा लाकडी पॅटर्न करून घ्यावा लागतो, नाहीतर नवी पन्हळ जुनीच्या सांध्यात नीट बसत नाही.