फोंड्यातला पेटीवाला: काम चोख, तारखेचा भरवसा नाही

घाईत असाल तर निकाल आधीच सांगते. पाचपैकी चार तारे. एक कापला तो वेळेसाठी.

पेटी (हार्मोनियम) दुरुस्तीचं हे दुकान गोव्यात फोंड्याला, तिस्कावरून आत वळणाऱ्या एका गल्लीत. पाटी नाही. दारात घुमटं (गोव्यातली मातीची चर्मवाद्यं) टांगलेली दिसली की तेच. आत तबले, पखवाज, भाते उघडून ठेवलेल्या पेट्या. बसायला एक स्टूल आणि त्यावरही बहुतेक वेळा कुणाचा तरी डग्गा. पावती मागितलीत तर वहीचं पान फाडून मिळते.

पेटी माझी नव्हे, सासूबाईंची. आम्ही त्यांना मांय म्हणतो. त्यांचं माहेर केरी, गायिका केसरबाई केरकरांचं गाव. 1977 साली केसरबाईंचं 'जात कहाँ हो' व्हॉयेजर यानातल्या तबकडीवरून अंतराळात निघालं आणि त्याच वर्षी मांय लग्न होऊन आमच्या घरी आल्या, नऊ माणसांच्या रांधपात, म्हणजे स्वयंपाकात. ही सांगड त्यांनीच घातलेली, हसत हसत. पेटी त्यांनी पुढं काजूच्या बिया विकून घेतली. सासऱ्यांनी बरेच दिवस अबोला धरला होता म्हणे. आमच्या गावात देवळातलं भजन म्हणजे पुरुषांचं काम, बायकांनी फार तर फुगड्या घालाव्यात. मांयनी वाद घातला नाही. दुपारची भांडी आवरली की शेजारच्या चौघीजणींना ओसरीवर बसवायच्या आणि 'रूप पाहता लोचनी'पासून सुरुवात करायच्या. त्यातूनच एकादशीला देवळात बायकांचं भजन सुरू झालं. कला अकादमीच्या महिला भजनी स्पर्धेलाही त्यांनी पथक नेलं. बक्षीस आलं नाही. पखवाजाला दीर बसला होता आणि तो लयीत पळाला, हे त्या अजून त्याच्या तोंडावर सांगतात. शिकवण्याचे पैसे कधी घेतले नाहीत, देवाची सेवा म्हणून. (मला विचाराल तर निदान शहाळी तरी घ्यायला हवी होती.)

तर पेटी. गेल्या पावसात पट्ट्या फुगून अडकायला लागल्या, मधल्या सप्तकातले दोन स्वर मुके झाले आणि भाता फुसफुसू लागला. नवऱ्याने ती आधी दुसऱ्या एका ठिकाणी नेली. तिथे मोबाइलवर ॲप लावलं आणि काटा मध्ये येईपर्यंत सूर, म्हणजे आतल्या पितळी जिभल्या, घासले. पितळेच्या जिभलीचं टोक घासलं की स्वर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. पण घासलेलं पितळ परत येत नाही, आणि पातळ झालेली जिभली केव्हातरी मोडते. काट्याच्या हिशेबाने पेटी बरोबर होती. देवळातल्या दुसऱ्या पेटीशेजारी लावली तर दोघींचं पटेना. मांयनी एक अभंग कसाबसा म्हटला आणि झाकण लावून टाकलं.

या दुकानात पेटी ठेवली तर त्या माणसाने आधी भाता उघडलाच नाही. झाकण वर करून पट्ट्या नुसत्या पाहिल्या.

"बाय, हें कोण वाजयता?"

सासू, म्हटलं. त्याने एका काळ्या पट्टीवर बोट ठेवलं. तिचा रंग उडून खालचं लाकूड दिसत होतं, कडा गुळगुळीत झाली होती. तिच्या डावीकडची काळीही झिजलेली, पण कमी, आणि झीज ताजी.

"पयलीं काळी पांच, आतां काळी चार. न्हय?"

घरी येऊन मांयना विचारलं. हो म्हणाल्या. साठीनंतर काळी पाचला सा धरून गाणं झेपेना, म्हणून एक काळी पट्टी खाली आल्या. आम्ही सगळे एका छपराखाली राहतो आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

दुरुस्ती त्याने या माहितीवरच केली. पेटी दुहेरी सुरांची, खर्ज (खालचे) आणि नर (मधले). काळी चारला षड्ज धरून जे स्वर लागतात ते तानपुऱ्यावर कानाने मिळवले, देवळातली दुसरी पेटी मागवून घेऊन तिच्याशी जुळवले. फार पातळ झालेले सूर बदलले. उंदराने कुरतडलेल्या भात्याला नवं कातडं लावलं. झिजलेल्या पट्ट्या बदलू का, असं विचारलं, पण आग्रह केला नाही. मांयनी नको म्हटल्यावर फक्त खालचा लगदा साफ करून त्या मोकळ्या केल्या.

पेटी परत देताना त्याने एक पाकीटही दिलं. आतून निघालेल्या वस्तू: अक्षता, उदबत्तीची राख, सुकलेली अबोली, चार आण्याचं नाणं आणि सोन्याच्या कुडीची फिरकी. ही फिरकी पुतण्याच्या मुंजीत हरवली होती, आणि ती नव्या सुनेने, म्हणजे मी, केरात टाकली असा घरात पक्का समज होता. मुंज झालेल्या पुतण्याला आता दाढी आहे. चौथा तारा खरं तर या फिरकीचा.

खर्च 5,500 रुपये, नवे सूर आणि कातडं धरून. आधीच्या ठिकाणी दिलेले पैसे वाया गेले ते वेगळेच.

आता तक्रार. 'पुढच्या आयतारा' (पुढच्या रविवारी) हा शब्द या दुकानात ऐकलात तर त्यावर काही ठरवू नका. फोन उचलत नाही. श्रावणात तर जाऊच नका, तालुक्यातल्या सगळ्या पेट्या आणि घुमटं चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी तिथेच येऊन पडतात. आमची पेटी चवथीच्या आदल्या संध्याकाळी मिळाली. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायची सोडून नवरा गाडी घेऊन पळाला. आधी सांगितलं असतं तर पेटी वैशाखात दिली असती, पण हे सांगायला त्याला फुरसत कुठे!

डांबरगोळ्या आत टाकू नका, ओल्या हाताने पट्ट्यांना हात लावू नका आणि पेटी रोज थोडी तरी वाजवा, अशा त्याच्या सूचना. तिसरी आमच्याकडे आपोआप पाळली जाते.

मांयचा अभिप्राय विचारला तर म्हणतात, खर्ज अजून किंचित जड आहे. त्याला कळवलं. पाऊस उघडला, लाकूड सुकलं की घेऊन या, पैसे लागणार नाहीत, म्हणाला. ताब्यात घेताना समोर बसून वाजवून पाहा, शक्यतो जो गातो त्यालाच सोबत न्या. गाडी गल्लीत जात नाही, पेटी उचलायला दुसरा माणूस लागेल.