रिफिलला दिली ओरिजिनल, परत आली भलतीच कार्ट्रिज

भांडुप-मुलुंडकडे कुणी घरी बोलावून प्रिंटर रिफिल करत असेल तर हे वाचा. माझे दहावीचे क्लासेस आहेत, एचपीचा लेझरजेट १०२० प्रिंटर आहे, जुना पण दणकट, त्याला १२ए कार्ट्रिज (छपाईच्या पावडरीचा डबा) लागते. आमचा रिफिलवाला वर्षानुवर्षं घरीच पेपर पसरून पावडर भरून द्यायचा, तीनशे रुपये, कधी तक्रार नाही. जुन्या कार्ट्रिजचा ड्रम (पानावर छाप उमटवणारा आतला रोलर) गेला म्हणून मी ओरिजिनल घेतली, चार-पाच हजारांच्या घरात गेली ती, आणि ती पहिल्यांदा संपली तेव्हा नेमका हा म्हणतो, ताई आता घरी भरत नाही, पावडर उडते, दुकानात नेतो, संध्याकाळी आणून देतो.

आणली. दोन दिवसांत पानं राखाडी यायला लागली, कडेला पावडर, आणि एक काळा ठिपका पानावर खाली खाली रिपीट. पट्टी लावून मोजलं तर दर साडेसात सेंटीमीटरला. १२एच्या ड्रमचा घेर तेवढाच असतो, म्हणजे ड्रमवरच डाग. फोन केला तर म्हणे ड्रम संपला, चारशे लागतील. अहो, कंपनी साधारण २००० पानं सांगते त्यावर, एकदाच संपलेल्या ओरिजिनलचा ड्रम रिफिल केल्या केल्या कसा जाईल?

मग कार्ट्रिज काढून नीट बघितली. स्टिकर आमचाच होता, पण कडा उचललेल्या आणि खाली धुळीचे कण, म्हणजे सोलून चिकटवलेला. बॉडीवर कंपनीचं नाव कुठेच नाही. चक्क पाचशे-सहाशेवाली कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीची स्वस्त कार्ट्रिज, तीसुद्धा वापरलेली.

लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर मार्केटमध्ये एका ओळखीच्या दुकानदाराला दाखवली तर तो हसलाच. एकदाही रिफिल न झालेल्या ओरिजिनल रिकाम्या कार्ट्रिजला मार्केटमध्ये ‘व्हर्जिन’ म्हणतात आणि तिला चांगला भाव आहे, कारण ती भरून, खोट्या बॉक्समध्ये घालून नवीन ओरिजिनल म्हणून विकता येते. म्हणून यावेळीच ‘दुकानात नेतो’!

रिफिलवाल्याला विचारलं तर उलट मलाच, पुरावा काय? बिल कधी दिलंच नव्हतं, व्हॉट्सॅपवर नुसतं ‘हो ताई येतो’. नंतर नंबर ब्लॉक.

रिफिल वाईट असं मी म्हणत नाही, दोन-तीनदा आरामात चालते, फक्त भरताना वेस्ट पावडरही (छापून उरलेली, आत साठणारी) काढली पाहिजे नाहीतर तीच गळते (कपड्यावर सांडली तर झटकून टाका आणि थंड पाण्यानेच धुवा, गरम पाण्याने ती वितळून कायमची बसते). ड्रम बदलायची वेळ आली तर मात्र सरळ नवीन कंपॅटिबल घ्या, तेवढ्याच पैशात ड्रम, ब्लेड (ड्रम पुसणारी पट्टी) सगळं नवं येतं. ओरिजिनल असेल तर समोर बसवून भरून घ्या, न्यावीच लागली तर आधी चारी बाजूंनी फोटो काढा आणि बॉडीवर कुठेतरी आतल्या बाजूला सुईने खूण करा, स्टिकरवर नको, तो निघतो. आणि रिकामी ओरिजिनल भंगारवाल्याला अख्खी देऊ नका, बॉक्स तर आधी फाडा.