सांता फे-ताओसच्या मातीच्या बी-अँड-बीमध्ये: चारही ऋतूंतल्या मुक्कामानंतर

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या छोट्या बी-अँड-बीमध्ये (नाश्त्यासह मुक्कामाच्या घरगुती जागेत) पैसे कशाचे मोजायचे, तर भिंतीचे. अडोबी, म्हणजे उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटा. नेहमीची वीट साधारण २५ बाय ३५ सेंटिमीटर, जाडी १०. दिवसाचं ऊन भिंत सावकाश पिते आणि रात्री सोडते. माळवदाच्या घरात राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

मात्र सांता फेच्या जुन्या भागात १९५७ पासून बांधकाम जुन्याच धाटणीचं ठेवायचा नियम आहे. त्यामुळे लाकडी सांगाड्यावर मातकट स्टको, म्हणजे गिलावा, फासलेलं घरही बाहेरून तसंच दिसतं. बुकिंगआधी सरळ विचारा आणि फोटोत खिडकीचा कोनाडा बघा. हातभर खोल असेल तर भिंत बहुधा खरी. खऱ्या भिंतीचा तोटाही आहे: जाड मातीतून वायफाय शेजारच्या खोलीतही धड पोचत नाही. हिवाळ्यात बंद राहिलेली खोली तापायला अख्खी संध्याकाळ लागते, म्हणून हीटर दुपारीच लावून ठेवायला सांगावं.

'किवा' नावाची कोपऱ्यातली मातीची शेकोटी हे इथलं खरं सुख, आणि तक्रारीही तिच्याच जास्त. तोंड लहान, पोट उथळ. पिन्यॉनची (इथल्या बुटक्या पाइनची) लाकडं आडवी रचली की धूर खोलीत आलाच. तीन ओंडके उभे, मागच्या भिंतीला टेकवून ठेवायचे. आधी धुराड्याची झडप उघडायची, मग पेटता कागद वर धरून धुराडं गरम करायचं आणि खिडकी बोटभर उघडी ठेवायची. निखारे पूर्ण विझल्याशिवाय झडप लावू नका, कार्बन मोनॉक्साइड कोंडतो. पिन्यॉनचा राळेसारखा वास दुसऱ्या दिवशीही शालीला येतो. आवडत नसेल तर गॅसची शेकोटी असलेली खोली घ्या. (मग इतक्या लांब कशाला यायचं, हा प्रश्न आहेच.)

उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी एसीऐवजी पाण्याचा कूलर असतो. जूनच्या कोरड्या हवेत झकास चालतो. जुलै-ऑगस्टच्या पावसाळी दुपारी नुसती दमट हवा फेकतो. पोटमाळ्यावरची खोली तेव्हा टाळा.

नाश्ता भरपेट: निळ्या मक्याचे पॅनकेक, अंडी, वर मिरचीचा सॉस. 'रेड ऑर ग्रीन?' विचारलं की 'ख्रिसमस' म्हणा, दोन्ही मिळतात. शाकाहारींनी आदल्या दिवशीच सांगावं. हिरव्या मिरचीच्या स्ट्यूत बहुधा डुकराचं मांस असतं, बीन्समध्ये कधीकधी चरबी. चहा फिका लागला तर दोष पुडीचा नसतो. सुमारे २,१०० मीटरवर पाणी ९३ अंशांनाच उकळतं, पाच मिनिटं जास्त मुरू द्या. पहिल्या दिवशी डोकं धरतं ते याच उंचीमुळे. पाणी भरपूर प्या, दारू दुसऱ्या दिवसावर ढकला.

रात्री काउंटरवर कुणी नसतं. उशिरा पोचणार असाल तर दाराचा कोड आधीच मागून घ्या. ऑगस्टमधल्या इंडियन मार्केटच्या (अमेरिकेतल्या मूळ रहिवासी कलाकारांच्या बाजाराच्या) दिवसांत भाडं चढतं, किमान दोन-तीन रात्रींची अटही येते. भिंत आणि शेकोटी दोन्ही हवी असतील तर नोव्हेंबरमधले आठवड्याच्या मधले दिवस त्यातल्या त्यात परवडतात. फक्त थँक्सगिव्हिंग सणाचा आठवडा सोडा.