साइनर्स हॉल, फिलाडेल्फिया: घाईत बघू नका

फिलाडेल्फियाला गेल्यावर इंडिपेन्डन्स हॉल सगळेच बघतात, पण तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटर आहे ते बरेच जण वेळ नाही म्हणून सोडून देतात. प्लीज सोडू नका, निदान तिथल्या साइनर्स हॉलसाठी तरी जाच.

अमेरिकेचं संविधान जिथे लिहिलं गेलं त्या १७८७ च्या अधिवेशनातले ४२ जण ब्राँझमध्ये, खऱ्या माणसाच्या उंचीचे, सरळ जमिनीवर उभे केलेत, त्यांच्यामधून फिरता येतं, जेम्स मॅडिसनच्या (पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तो) शेजारी उभं राहून फोटो काढता येतो (केवढा बुटका होता हा माणूस!). यातले ३९ सही करणारे आणि ३ शेवटपर्यंत बसूनही सही न करणारे, मेसन, रँडॉल्फ आणि गेरी.

जाताना एवढंच करा, कुठल्या राज्याने कोणाला काय बजावून पाठवलं होतं ते थोडं वाचून जा. ही माणसं लोकांनी मत देऊन निवडलेली नव्हती, राज्यांच्या विधिमंडळांनी नेमलेली. डेलावेअरने तर लेखीच दिलं होतं की प्रत्येक राज्याला एक मत, याला हात लावायचा नाही, आणि ३० मे ला लोकसंख्येनुसार मतांचा विषय निघाल्याबरोबर त्यांच्या जॉर्ज रीडने तीच अट पुढे केली, म्हणाला हे बदललं तर आम्हाला निघून जावं लागेल, आणि विषय तहकूब झाला. रीडच्या पुतळ्यासमोर मी बराच वेळ थांबले.

न्यूयॉर्कचा किस्सा तर अजून भारी. तिघं पाठवले, त्यातले येट्स आणि लान्सिंग १० जुलैला उठून गेले, आम्हाला एवढं सगळं बदलायला पाठवलेलंच नाही म्हणून. मागे एकटा हॅमिल्टन, आणि एकट्याने राज्याचं मत टाकता येत नव्हतं. हॅमिल्टनचा पुतळा आहे, त्या दोघांचे नाहीत. ऱ्होड आयलंडचं तर कोणीच नाही, त्यांनी माणूसच पाठवला नव्हता.

आणि हे सगळं जुनं झालं असं अजिबात नाही. ३४ राज्यांनी मागणी केली तर घटनादुरुस्तीसाठी नवं अधिवेशन बोलवावं लागतं, आजवर एकदाही झालेलं नाही, पण प्रतिनिधी कसे निवडायचे, त्यांना आवरायचं कोणी, यावर अमेरिकन संविधानाच्या पाचव्या कलमात (घटनादुरुस्तीच्या) एक शब्द नाही. म्हणून इंडियानाने २०१३ मध्ये कायदाच केला: सूचनेबाहेर जाऊन दिलेलं मत रद्द, आणि मुद्दाम दिलं तर फौजदारी गुन्हा. मला हे पटतं. राज्याच्या नावाने बसणाऱ्याला राज्याने जाब विचारलाच पाहिजे, फक्त वाटाघाटीला थोडी जागा हवी, नाहीतर सगळेच रीडसारखे अडून बसतील.

आपली संविधान सभाही प्रांतांच्या विधिमंडळांनीच निवडली होती, बाबासाहेब आधी बंगालमधून आणि फाळणीनंतर १९४७ मध्ये मुंबई प्रांतातून गेले, त्यामुळे माझ्याबरोबर आलेल्या आई-बाबांना हे सगळं लगेच कळलं. माझ्याकडून पाचपैकी पाच. आधी इंडिपेन्डन्स हॉलमधली, हे अधिवेशन भरलं ती खरी खोली बघा आणि मगच इथे या.