विज्ञानसंवाद शिकायचा: लंडनला जाऊन की वाशीत राहून?

विज्ञानाची पदवी घेऊन विज्ञानसंवादाकडे, म्हणजे विज्ञान सामान्य माणसाला समजेल असं सांगण्याकडे, वळणाऱ्या वाशी-नेरूळच्या मुलांनी मला विचारलं, तर मी दोन वाटा सांगते. पहिली, लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातली विज्ञानसंवादाची एक वर्षाची एमएस्सी. लेखनाबरोबर विज्ञान आणि समाज यांच्या नात्याचा सिद्धांतही तिथे पक्का होतो. खर्च मात्र बहुतेक घरांना कर्जाशिवाय झेपणारा नाही.

दुसरी, इथेच पत्रकारितेचं एमए करायचं. खाडीपूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, पुढे चुनाभट्टीला १९६६ पासूनची मराठी विज्ञान परिषद. विषय तर दारातच आहेत. ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांचा (फ्लेमिंगोंचा) गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातल्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांमुळे येतो. हे दिवाळे गावातल्या कोळीणमावशींना समजावून बघा. ‘कॅरोटिनॉइड’ म्हटल्यावर त्यांचा चेहरा कोरा राहिला, की वाक्य कुठे फसलं ते जागेवरच कळतं. असा वाचक लंडनमध्ये भेटणार नाही, आणि मराठीत लिहायचं असेल तर तोच हवा. म्हणून माझा कौल इथल्या वाटेला. तिच्यात उणीव एकच, पण मोठी: आपला मसुदा निर्दयपणे तपासणारं माणूस स्वतःच शोधावं लागतं.